ठेवीदाराने दाद कोठे मागावी?

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी मुदत ठेवीची पावती हा घरातील मोलाचा कागद असतो. निवृत्त शिक्षकाची ग्रॅच्युइटी, सोयाबीन-कापसाच्या पट्टीतून शिल्लक राहिलेली रक्कम, लहान दुकानदाराने रोज पिग्मी एजंटाच्या हाती दिलेले दहा-वीस रुपये, असे आयुष्यभराचे सारे त्या एका कागदात साठविलेले असते. पावतीवर व्याजाचा दर ठळक छापलेला असतो. संस्थेची नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली, हे मात्र बारीक अक्षरांत असते. संस्था अडचणीत आली की व्याजदराला काही अर्थ उरत नाही आणि ठेवीदाराचे भवितव्य त्या बारीक अक्षरांवर ठरते.

मराठवाड्याने हा धडा अलीकडेच दोनदा घेतला. छत्रपती संभाजीनगर येथील आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेत सुमारे दोनशे कोटी रुपयांचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये गुन्हा नोंदविण्यात आला. सोनपेठची शीव ज्या बीड जिल्ह्याला लागून आहे, तेथील ज्ञानराधा मल्टिस्टेट या संस्थेच्या ठेवी अडकल्या. २०२४ मध्ये संचालकांवर गुन्हे दाखल झाले आणि सक्तवसुली संचालनालयाने मालमत्तेवर टाच आणली. दोन्हीकडे रांगेत उभा राहिलेला माणूस एकाच थरातील होता. परंतु पहिल्याचा निबंधक राज्य शासनाचा, तर दुसऱ्याचा केंद्रीय निबंधक दिल्लीत. पहिली संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालील; दुसरी बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम, २००२ खालील. दुःख एक, पण दाद मागण्याचे दरवाजे वेगळे, हे बहुतेकांना पैसे बुडण्याची वेळ आल्यावरच कळले.

याहून मोठा गैरसमज 'बँक' या शब्दाभोवती आहे. नागरी सहकारी बँक रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली असते व तिच्या ठेवींना विम्याचे संरक्षण असते. ही मर्यादा २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख रुपयांवर नेण्यात आली. पतसंस्थेला, मग ती राज्यातील असो वा बहुराज्य, हे संरक्षण नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीरपणे बजावले, की काही सहकारी संस्था नियमबाह्य रीतीने आपल्या नावात 'बँक' हा शब्द वापरतात, नाममात्र सभासदांकडूनही ठेवी घेतात, आणि त्या ठेवी विमाबद्ध नाहीत. नाममात्र सभासद म्हणजे ज्याला मत नाही, असा सभासद. ज्याच्या पैशावर संस्था उभी आहे त्याने संचालक निवडताना बाहेर उभे राहावे, अशी ही व्यवस्था आहे.

ही विसंगती समजून घ्यावयाची तर कायद्याच्या जन्माकडे पाहिले पाहिजे. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे उसळले. शेतकऱ्याचा कर्जबाजारीपणा हा त्यानंतरच्या विचारमंथनाचा विषय राहिला आणि १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्याच चिंतेतून आला. त्या कायद्याच्या डोळ्यांपुढे कर्जदार होता. गावातील पाच-पन्नास माणसे एकमेकांना ओळखतात, तीच ठेव ठेवतात, तीच कर्ज घेतात, म्हणून तंटा झालाच तर दिवाणी न्यायालयाचा खर्च टाळून निबंधकाने तो मिटवावा, ही कल्पना रास्त होती. पुढे संस्थेचे गाव राहिले नाही. शाखा जिल्हाभर पसरल्या, ठेवीदार हजारोंच्या संख्येने झाले, कर्ज मूठभर माणसांना जाऊ लागले. संस्था बदलली, कायद्याची नजर मात्र कर्जदारावरच राहिली.

हे विधान तपासून पाहावयाचे असेल तर १९६० च्या अधिनियमातील दोन कलमे शेजारी ठेवावीत. कलम ३६ अन्वये नोंदणी होताच संस्थेला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व लाभते. ती मालमत्ता धारण करते, दावा लावते, तिच्यावर दावा लागतो. या व्यक्तीचे कर्ज कोणी थकविले, तर कलम १०१ खाली ती निबंधकाकडे जाते. निबंधक चौकशी करून वसुली दाखला देतो आणि त्या दाखल्यावर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करता येते. त्याविरुद्ध पुनरीक्षण मागणाऱ्या कर्जदाराला वसुलीयोग्य रकमेपैकी निम्मी आधी भरावी लागते. उलट, मुदत संपूनही संस्थेने सभासदाची ठेव परत केली नाही, तर ठेवीदाराला असा दाखला मागता येत नाही. त्याने कलम ९१ खाली सहकार न्यायालयात विवाद दाखल करावा, पुरावा द्यावा, निवाडा मिळवावा आणि मग अंमलबजावणीच्या मागे लागावे. कलम १६३ मुळे दिवाणी न्यायालयाची वाट बंद. सहकार न्यायालये तालुक्या-तालुक्यात नाहीत. एकाच संस्थेच्या एकाच खातेवहीतील दोन रकमा. एकीला जवळची वाट, दुसरीला लांबची.

संस्था अवसायनात गेली की ही वाटही अडते. निबंधकाच्या परवानगीवाचून संस्थेविरुद्ध दावा चालविता येत नाही आणि सारी भिस्त अवसायकावर येते. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी या बहुराज्य पतसंस्थेवर २०१५ मध्ये अवसायक नेमला गेला. पाच वर्षांनंतर, २०२० मध्ये, अवसायनाच्या कारभाराबद्दलच गुन्हा नोंदला गेला. हताश ठेवीदारांच्या पावत्या अल्प किमतीत घेऊन त्या पूर्ण मूल्याने कर्जात वळत्या केल्याचे आरोप झाले. आरोपांचा निर्णय न्यायालये देतील. परंतु ठेवीदाराला आपली पावती कवडीमोलाने विकावीशी वाटते, याचाच अर्थ दाद मागण्याच्या यंत्रणेवरील त्याचा विश्वास आधीच उडालेला असतो.

असे असले तरी सर्व दरवाजे बंद आहेत, असे नव्हे. सहकार कायद्यात वेगळी तरतूद असली तरी सभासदाला ग्राहक न्यायमंचाकडे जाता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्ये तिरुमुरुगन सहकारी संस्थेच्या प्रकरणात दिला. गैरव्यवहार असेल, तर ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा राज्याचा १९९९ चा अधिनियम मालमत्ता जप्त करण्याचे अधिकार देतो. बहुराज्य संस्थांसाठी २०२३ च्या दुरुस्तीने सहकार लोकपालाची तरतूद झाली. आणि संकट येण्यापूर्वीचे साधन कलम ३२ मध्ये आहे: सभासदाला संस्थेची ठराविक कागदपत्रे पाहण्याचा अधिकार आहे. संस्था सहसा माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नसली, तरी निबंधकाला कायद्याने मिळू शकणारी माहिती त्याच्या कार्यालयाकडून मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. लेखापरीक्षण अहवाल मागणारे चार शिक्षक वार्षिक सभेत उभे राहिले, तर अनेक दोष अपहार होण्याआधीच उघड होतील.

परंतु जागरूकतेचा उपदेश करून शासनाला मोकळे होता येणार नाही. मुदत संपलेली ठेव हा वाद नव्हे. ते कबूल केलेले देणे आहे. संस्थेच्या कर्जाला जर वसुली दाखला मिळतो, तर पावती हाती असलेल्या ठेवीदारालाही निबंधकाने ठराविक मुदतीत तसाच दाखला का देऊ नये? वाद खरोखर असेल तेथे सहकार न्यायालयाने तालुक्याच्या ठिकाणी ठराविक दिवशी बैठक घ्यावी. प्रत्येक पावतीवर नोंदणीचा कायदा, विमा नसल्याची सूचना आणि तक्रार कोणाकडे करावी, हे व्याजदराइतक्याच ठळक अक्षरांत छापणे सक्तीचे करावे. यासाठी तिजोरीवर मोठा भार पडावयाचा नाही.

सर्वच ठेवीदारांनी एकाच दिवशी दाखले मागितले तर चांगली संस्थाही कोसळेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो पोकळ नाही. म्हणून सक्षम संस्थेला हप्ते पाडून देण्याची सवलत निबंधकाने द्यावी. पण जी संस्था मुदत संपलेली ठेव हप्त्यांनीही देऊ शकत नाही, ती चांगली असल्याचा समज फार काळ टिकवून ठेवण्यात कोणाचे हित आहे? उशीर जितका अधिक, तितकी मालमत्ता पातळ होत जाते आणि त्याची किंमत सर्वांत शेवटी आलेला ठेवीदार मोजतो. सोनपेठच्या निवृत्त शिक्षकाला कोणाच्या दयेची अपेक्षा नाही. त्याच्याच पैशातून कर्ज घेतलेल्या माणसाविरुद्ध संस्थेला जो अधिकार आहे, तोच त्याला संस्थेविरुद्ध असावा, एवढेच त्याचे मागणे आहे.