जुनी गल्ली आणि वाहणारं नाक

ऑस्करविजेता नट फिलिप सेमूर हॉफमन बाविसाव्या वर्षी व्यसनातून बाहेर पडला. पुढची वीसहून अधिक वर्षं त्याने कशालाही हात लावला नाही. मग पाय घसरला आणि फेब्रुवारी २०१४मध्ये तो न्यूयॉर्कमधल्या घरात मृतावस्थेत सापडला. ‘एवढी वर्षं राहिला, मग आताच काय झालं?’ व्यसन सुटलेल्या माणसाच्या घरात या प्रश्नाची धास्ती कायमची असते. हल्ली उत्तरादाखल ‘डोपामिन’ एवढा एक शब्द तोंडावर फेकला की काम भागतं. मला मात्र अब्राहम विकलर आठवतो. त्याचं नाव आता फारसं कुणी घेत नाही.

केंटकीतल्या लेक्सिंग्टनला अमेरिकन सरकारचं निम्मा तुरुंग, निम्मं रुग्णालय असं केंद्र होतं. विकलर तिथला डॉक्टर. रुग्णांच्या अंगातून अफू-हेरॉइन केव्हाच उतरलेलं असायचं, महिनेच्या महिने स्पर्श नाही. पण गटचर्चेत ‘माला’चा विषय निघाला की कुणी जांभया द्यायचा, कुणाचं नाक वाहायचं, कुणाच्या डोळ्यांना धार लागायची. म्हणजे चक्क टर्की, नशा तुटल्यावर शरीराला होणारा त्रास! सुटका होऊन जुन्या गल्लीत पाऊल टाकलं की काहींची तीच गत. विकलरने १९४८मध्येच सांगितलं, की ही पाव्हलॉव्हच्या कुत्र्याची लाळ आहे. जिथे वारंवार टर्की सोसली, ती जागा दिसली तरी शरीराला टर्की लागते.

पाव्हलॉव्हची अर्धीच गोष्ट आपण शाळेत शिकतो: खाण्याआधी वारंवार ऐकलेल्या नुसत्या आवाजालाही कुत्र्याला लाळ सुटते. आवाजानंतर खाणं देणं बंद केल्यावर कुत्र्याची लाळ हळूहळू थांबायची. पण मध्ये काही काळ जाऊ दिला की त्याच आवाजाला ती पुन्हा सुटायची! शिकलेलं पुसलं गेलेलं नव्हतं, नुसतं दबलं होतं. २००१मध्ये तर कोकेन बंद केलेल्या उंदरांमध्ये दिसलं, की त्याची आठवण देणाऱ्या खुणांची ओढ पहिल्या दोनेक महिन्यांत ओसरण्याऐवजी वाढतच गेली.

आणि गल्लीच सुटली तर? ली रॉबिन्स यांनी व्हिएतनामहून परतलेले अमेरिकन सैनिक तपासले. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी पहिल्या वर्षात जेमतेम ५ टक्के पुन्हा अडकले. यावर कित्येक तज्ज्ञांचा विश्वासच बसेना.

तेव्हा घसरलेल्याला ‘मनच कच्चं’ म्हणून मोकळं होऊ नका. वर्षानुवर्षांच्या खंडात शरीराची सहनशक्ती ओसरलेली असते. पूर्वी पचलेला हेरॉइनचा डोस आता जीव घेऊ शकतो. त्याला एकटं सोडू नका, उपचारांकडे त्याच दिवशी घेऊन जा.