अलंकार पाठ करण्याआधी कवितेतलं चित्र पाहा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांत अनेक मुलांना अलंकारांच्या व्याख्या तोंडपाठ असतात. पण परीक्षेत अनोळखी ओळ आली की पेन अडतं. हातचे गुण जातात, कविताही नावडती होते.

यावर सोपा उपाय म्हणजे छोटी निसर्गकविता. बालकवींची (१८९०-१९१८) ‘औदुंबर’ घ्या. अवघ्या आठ ओळी. फळ्यावर व्याख्या लिहिण्याआधी मुलांना कवितेचं चित्र काढू द्यावं. झरा, गाव, शेतमळे, पायवाट, डोह आणि शेवटी झाड. मग विचारावं, हे झाड नुसतं उभं आहे का? नाही, ते बसलंय. पण बसतो तो माणूस! निसर्गातली किंवा निर्जीव गोष्ट माणसासारखी वागताना दाखवली की ती चेतनगुणोक्ती. अलंकाराचं नाव सांगायचं ते इथं.

पुढे ‘बसलंय’ काढून ‘आहे’ घालून पाहावं. झाड राहतं, पण त्याचा निवांतपणा जातो. अलंकार कशासाठी, ते मुलांना इथंच कळतं.

त्याच झाडावर बाकीचे अलंकारही शिकवता येतात. ‘झाड आजोबांसारखं बसलंय’ ही उपमा. ‘झाड म्हणजे जणू आजोबाच’ ही उत्प्रेक्षा. ‘जणू’ गाळून झाडालाच आजोबा म्हटलं की रूपक. घरात आपण ‘पाऊस रुसलाय’ म्हणतो, तीही चेतनगुणोक्तीच.

सीमाभागातल्या मुलांना याचा दुहेरी फायदा आहे. उपमेय, उपमान, उपमा, रूपक हे शब्द कन्नडच्या तासालाही भेटतात. मराठीत एकदा नीट उमगलं की तिथंही उपयोगी पडतं.