विचारणारा कोण? : कलावंतांची कथने आणि प्रसिद्धीचा पडदा

कलावंताशी झालेला संवाद आपण वाचतो तेव्हा आपले सारे लक्ष उत्तरांकडे असते. प्रश्न कोणी विचारले, कोणत्या भाषेत विचारले, छापताना त्यांतले किती ठेवले आणि किती गाळले, याचा विचार सहसा केला जात नाही. वास्तविक कलावंत काय सांगतो हे बरेचसे समोर कोण बसले आहे यावर ठरते. शिवाय या दोघांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट अदृश्यपणे बसलेली असते. ती म्हणजे प्रसिद्धी. कलावंताविषयी लोकांचे मत आधीच बनवून ती बैठकीला आलेली असते. एका गवयाने नातवाला सांगितलेली हकीकत, एका दिग्दर्शकाने दुसऱ्या दिग्दर्शकाला दिलेली उत्तरे आणि एका अभिनेत्रीने पत्रकाराला सांगितलेले आयुष्य, अशा तीन उदाहरणांतून हे नाते तपासता येईल.

आजोबा आणि नातू

जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) राजस्थानातल्या उणियाऱ्याचे. शाहू महाराजांच्या काळात ते कोल्हापूर दरबारी आले आणि महाराष्ट्राचेच झाले. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशी शिष्यमंडळी, मोठी ख्याती. पण त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका मात्र आपल्याला ऐकायला मिळत नाही. मग खाँसाहेबांपर्यंत पोचायचे कसे? एक वाट शिष्यांच्या गाण्यातून जाते, दुसरी गोविंदराव टेंबे यांनी लिहिलेल्या चरित्रातून. तिसरी वाट म्हणजे उतारवयात त्यांनी नातू अझिझुद्दीनखाँ यांना उर्दूत सांगितलेली जीवनकथा. ती इंग्रजी अनुवादाच्या रूपाने ग्रंथरूपात आली ती २००० साली, म्हणजे खाँसाहेबांच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने.

खाँसाहेबांच्या आयुष्यातली सर्वांत परिचित हकीकत आवाज गमावल्याची आहे. आमलेट्याच्या संस्थानिकापुढे दिवसचे दिवस गावे लागले आणि त्या अतिश्रमाने मूळचा आवाज गेला. पुढे तो परतला, पण पहिल्यासारखा नाही. मग त्या बदललेल्या गळ्याला पेलेल अशी, लयीशी घट्ट बांधलेली, पेचदार पण अखंड चालणारी गायकी त्यांनी घडवली. आज ज्याला आपण घराण्याचे वैभव म्हणतो त्याच्या मुळाशी एक शारीरिक हानी आहे. प्रसिद्धीला अशी हकीकत सोयीची नसते. तिला जन्मजात, दैवी देणगीची कथा अधिक आवडते.

ऐकणारा नातू भुर्जीखाँचा मुलगा, म्हणजे घरातलाच. त्याच्यासमोर मोठेपणा सिद्ध करण्याची गरज नव्हती. पण घरातल्या श्रोत्याची एक मर्यादाही असते. वंश, गुरू आणि दरबार यांचा वारसा पुढच्या पिढीकडे सोपवणे हा अशा कथनाचा हेतू असतो. ऐकणारा त्या वारशाचा हक्कदार असल्याने उलटतपासणी करणे त्याचे काम नसते.

दिग्दर्शक आणि दिग्दर्शक

१९६२ च्या जून महिन्यात फ्रान्स्वा त्रुफो या तिशीतल्या फ्रेंच दिग्दर्शकाने आल्फ्रेड हिचकॉक यांना पत्र लिहून दीर्घ मुलाखतीची परवानगी मागितली. त्याच ऑगस्टमध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत आठवडाभर बैठका झाल्या. त्रुफोला इंग्रजी बेताचेच येत असल्याने हेलन स्कॉट दुभाष्या म्हणून बसल्या. त्यातून झालेले पुस्तक १९६६ मध्ये फ्रेंचमध्ये आणि पुढच्या वर्षी इंग्रजीत आले.

हिचकॉक तेव्हा अप्रसिद्ध होते असे नाही. अडचण नेमकी उलटी होती. १९५५ पासून ते दूरचित्रवाणीवर स्वतःची मालिका सादर करीत होते. त्यांची स्थूल आकृती आणि कोरडा विनोद घरोघर पोचला होता. त्यामुळेच अमेरिकेतले बरेच समीक्षक त्यांना कुशल मनोरंजनकार यापलीकडे मानायला तयार नव्हते. लोक माणसाला ओळखत होते आणि म्हणून त्याचे काम पाहत नव्हते. हा समज मोडावा, हाच त्रुफोचा उघड हेतू होता.

त्यासाठी त्याने स्तुतीचा नव्हे, तर तयारीचा मार्ग धरला. मूकपटांपासून एकेक चित्रपट क्रमाने घेऊन तो विचारत गेला: हे दृश्य असे का, कॅमेरा इथेच का? उत्तरेही तशीच नेमकी आली. धक्का आणि उत्कंठा यांतला फरक हिचकॉकनी टेबलाखालच्या बाँबच्या दाखल्याने सांगितला. बाँब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर स्फोटाच्या वेळी काही सेकंदांचा धक्का बसतो. ठाऊक असेल, तर टेबलाशी चाललेल्या साध्या गप्पाही पंधरा मिनिटे जीव टांगणीला लावतात. ‘सस्पिशन’ (१९४१) मध्ये नायक दुधाचा पेला घेऊन जिना चढतो. प्रेक्षकाची नजर त्या पेल्यावरच खिळावी म्हणून दुधात एक दिवा ठेवला होता, हेही त्यांनी सांगितले. अशी माहिती मिळते ती कारागिराने कारागिराला विचारल्यावरच.

पण या संवादाचीही एक बाजू कोरी राहते. सारे बोलणे दिग्दर्शक या एका कर्त्याभोवती फिरते. हिचकॉक यांच्या पत्नी आल्मा रेव्हिल स्वतः संकलक आणि पटकथाकार होत्या आणि पतीच्या कामात त्यांचा वाटा मोठा होता. त्या खोलीत मात्र त्यांची खुर्ची नव्हती.

अभिनेत्री आणि पत्रकार

तिसरे उदाहरण आपल्या घरचे. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. त्यापूर्वी ‘संत सखू’ (१९४१), ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७), ‘पुढचं पाऊल’ (१९५०) अशा चित्रपटांनी हंसा वाडकर यांचे नाव झालेच होते; या चित्रपटाने ते घरोघर गेले. पुढे त्यांनी आपले आयुष्य अरुण साधू यांना सांगितले. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिणारे कादंबरीकार म्हणून साधू ओळखले जाण्यापूर्वीची ही गोष्ट. हे कथन आधी ‘माणूस’मधून आणि १९७० मध्ये राजहंस प्रकाशनाकडून पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. नाव दिले ते चित्रपटाचेच.

हे नाव प्रसिद्धीचा फायदा घेण्यासाठी दिले असे म्हणता येईल. पण आत गेल्यावर त्या दोन शब्दांचा अर्थ पालटतो. पडद्यावर ‘ऐका’ हे तमाशाच्या प्रेक्षकांना घातलेले आवाहन होते. पुस्तकात तेच शब्द वाचकाला जाब विचारल्यासारखे वाटतात. शाळकरी वयात घर चालवण्यासाठी धरलेले चित्रपटातले काम, लवकर झालेले लग्न, संसार करायची इच्छा असूनही मिळवते राहण्याची सक्ती, दारू, घर सोडून जाणे आणि पुन्हा परतणे हे सारे त्या सांगतात, आणि स्वतःला झुकते माप न देता सांगतात. प्रसिद्धीने त्यांना पैसा दिला, पण त्या पैशावर आणि स्वतःच्या दिवसांवर हक्क दिला नाही. १९७१ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर श्याम बेनेगल यांनी या पुस्तकावरून ‘भूमिका’ (१९७७) केला आणि त्यातल्या कामासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

इथे एक फरक लक्षात घेतला पाहिजे. त्रुफोच्या पुस्तकात प्रश्न आणि उत्तर दोन्ही छापलेले आहेत. ‘सांगत्ये ऐका’मध्ये विचारणारा पूर्णपणे मागे सरला आहे. त्यामुळे कथनाला सलगता येते, सांगणाऱ्या बाईचा आवाज थेट कानी पडतो. परंतु कोणत्या प्रश्नावर हे आले, कुठे त्या थबकल्या, काय विचारलेच गेले नाही, हे कळण्याची वाट बंद होते. पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादाला ‘तुम्ही विचारा, मी सांगते’ अशा अर्थाचे शीर्षक दिले आहे. त्याने तो हरवलेला विचारणारा निदान मुखपृष्ठावर परत आणला.

कोणाला काय विचारतात

ही तिन्ही पुस्तके शेजारी ठेवली की एक असमानता उघड होते. खाँसाहेबांच्या गळ्याचे काय झाले हे आपल्याला माहीत आहे. पेल्यात दिवा कसा ठेवला हेही माहीत आहे. हंसाबाई भूमिका कशी उभी करीत, कॅमेऱ्यासमोर लावणीची अदा आणि संतस्त्रीची शालीनता एकाच देहातून कशी काढीत, यावर मात्र त्यांच्या पुस्तकाचा भर नाही. भर आहे तो सोसण्यावर. त्याचा दोष साधूंच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्यांनी नम्रपणे ऐकले आणि एक असाधारण दस्तऐवज वाचवला. दोष आहे तो आपल्या सर्वांच्या कुतूहलाच्या सवयीत. पुरुष कलावंताला आपण ‘कसे केले?’ असे विचारतो, आणि बाईला ‘कसे सोसले?’

याचा अर्थ आयुष्याविषयी विचारू नये असा नव्हे. हिचकॉकना थोडे अधिक आयुष्याविषयी आणि हंसाबाईंना थोडे अधिक कामाविषयी विचारले गेले असते, तर दोन्ही पुस्तके अधिक भरीव झाली असती. ही उणीव आता भरून निघणार नाही. आज मात्र ध्वनिमुद्रणाची साधने प्रत्येकाच्या खिशात आहेत, आणि तमाशाच्या फडांत, संगीत नाटकांच्या मंडळ्यांत, चित्रपटांच्या संकलन-कक्षांत उमेद घालवलेली माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडे जाताना त्यांचे काम आधी नीट पाहून जावे, आपले प्रश्न जपून ठेवावेत आणि छापताना ते पुसू नयेत. पुढच्या अभ्यासकाला उत्तरांइतकीच त्या प्रश्नांचीही गरज लागणार आहे.