तारेचा रंग आणि तारेचा अर्थ
जुन्या टर्बो मोटारीत तापकयुक्त ऑक्सिजन-संवेदकाची जोडणी

१. चिन्हाचा अर्थ त्या चिन्हाच्या अंगीच असतो, की ते चिन्ह ज्या व्यवस्थेत वावरते तिच्यातील परस्परसंबंधांतून उत्पन्न होतो, हा प्रश्न १९१६ साली सोस्यूरची व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्यापासून आपल्या शास्त्राच्या केंद्रस्थानी आहे. त्याचे उत्तर चुकले तरी भाषाशास्त्रज्ञाचे फारसे बिघडत नाही. फार तर एखाद्या निबंधाचे खंडन होते. परंतु जेथे हेच उत्तर चुकले असता इंजिनाचा पिस्टन वितळू शकतो अशी काही क्षेत्रे व्यवहारात आहेत. जुन्या टर्बोचार्जरयुक्त मोटारीत तापकयुक्त ऑक्सिजन-संवेदक बसविणे हे त्यांपैकी एक होय. प्रस्तुत लेखात या जोडणीचे स्वरूप विशद करावयाचे असून, तारांचे अर्थ कसे ठरवावेत या मुद्द्यावर विशेष भर द्यावयाचा आहे.

२. प्रथम या संवेदकाचे कार्य पाहू. पेट्रोलचे पूर्ण ज्वलन होण्यास वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण साधले की नाही, हे एक्झॉस्टमधील उरलेल्या ऑक्सिजनवरून समजते. संवेदकाच्या टोकाशी झिर्कोनिअम डायॉक्साइडची, बंद नळीसारखी एक चिनी मातीवजा टोपी असते व तिच्या आतबाहेर प्लॅटिनमचा सच्छिद्र थर असतो. टोपीच्या आत बाहेरची हवा व बाहेरून एक्झॉस्ट वायू असतो. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले म्हणजे या पदार्थातून ऑक्सिजनचे आयन वाहू लागतात आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील तफावतीनुसार विद्युत्-दाब निर्माण होतो. हा संबंध नेर्न्स्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८९ साली मांडलेल्या समीकरणाने व्यक्त होतो. मिश्रणात इंधन जास्त असल्यास सुमारे ०.८ ते ०.९ व्होल्ट, हवा जास्त असल्यास सुमारे ०.१ व्होल्ट, आणि योग्य प्रमाणाच्या आसपास या दोहोंमध्ये एकदम उडी, असे त्याचे वर्तन असते. तात्पर्य, हा संवेदक 'किती' हे सांगत नाही. 'अधिक' की 'उणे' एवढेच सांगतो.

स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने १९७७ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात विकावयाच्या २४० मालिकेच्या मोटारींत असा संवेदक प्रथम बसविला व त्यास 'लाम्ब्डा-सोंड' असे नाव दिले. 'लाम्ब्डा' हे मिश्रणप्रमाण दर्शविणारे ग्रीक अक्षर असून 'सोंड' म्हणजे शोधशलाका. पुढे १९८० नंतरच्या काही वर्षांत याच मालिकेतील जी टर्बो मोटार अमेरिकेत विकली जाई, तिलाही हीच योजना होती. आजही हौशी मंडळींनी जपून ठेविलेल्या या मोटारी आपल्या विवेचनास सोयीचे उदाहरण आहेत.

३. आरंभीच्या या संवेदकांस एकच तार असे. संकेत त्या तारेने जाई व परतीचा मार्ग संवेदकाचे लोखंडी अंग, एक्झॉस्ट पाइप आणि इंजिन यांतून पुरा होई. या रचनेत दोन उणिवा आहेत. पहिली तापमानाची. टर्बोचार्जरची टर्बाइन एक्झॉस्ट वायूतील ऊर्जा घेऊनच फिरते. त्यामुळे तिच्या पलीकडील वायू अलीकडच्यापेक्षा थंड असतो. टर्बाइनच्या अलीकडे संवेदक बसवावा तर तेथील वाढता दाब व उष्णता त्याला मानवत नाही. पलीकडे बसवावा तर इंजिन मंद चालू असताना तो ३०० अंशांच्या खाली उतरण्याचा संभव असतो. दुसरी उणीव परतीच्या मार्गाची. तीस-चाळीस वर्षांच्या गंजाने एक्झॉस्टचे सांधे विजेचे खात्रीचे वाहक राहत नाहीत.

थंड संवेदक काय सांगतो, हे पाहण्यासारखे आहे. तो शून्य व्होल्ट दाखवीत नाही. नियंत्रक स्वतःच मोठ्या रोधातून संकेताच्या तारेवर सुमारे अर्धा व्होल्ट दाब ठेवितो. थंड संवेदकाचा अंतर्गत रोध प्रचंड असल्याने तार त्या मधल्या मूल्यावर स्थिर राहते. नियंत्रक या स्थैर्याचा अर्थ 'मिश्रण योग्य आहे' असा न करिता 'संवेदक अद्याप बोलत नाही' असा करितो आणि ठराविक मापाने इंधन देत राहतो. उच्चारित रूपाचा अभाव हाही एक अर्थवान घटक असतो, हे शून्य प्रत्ययाशी परिचय असलेल्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

या दोन्ही उणिवांवर उपाय म्हणजे चार तारांचा तापकयुक्त संवेदक. त्यात दोन तारा तापकाच्या, एक संकेताची व एक संकेताच्या परतीची असते. तीन तारांच्या प्रकारात तापक असतो, पण संकेताची परतफेड जुन्याप्रमाणे लोखंडी अंगातूनच होते. जुन्या मोटारीस म्हणूनच चार तारांचा प्रकार अधिक श्रेयस्कर. बहुतेक संवेदकांचे आटे एकाच मापाचे, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचे व १.५ मिलिमीटर अंतराचे असल्याने तो जुन्या जागी सहसा बसतोही. अडचण आटे घट्ट झाल्यानंतर सुरू होते.

४. ही अडचण रंगांची आहे. बॉश कंपनीच्या चार तारांच्या संवेदकात काळी तार संकेताची, करडी परतीची आणि दोन पांढऱ्या तापकाच्या. जपानच्या डेन्सो कंपनीच्या संवेदकात निळी संकेताची, पांढरी परतीची आणि दोन काळ्या तापकाच्या. एकात काळा रंग सर्वांत नाजूक तारेचा, तर दुसऱ्यात सर्वांत जास्त प्रवाह वाहून नेणाऱ्या तारेचा! 'काळी म्हणजे संकेत' एवढे पाठ केलेला मनुष्य डेन्सोची काळी तार नियंत्रकाच्या संकेत-तारेस जोडील व दुसरीला बॅटरीचा दाब देईल, तर एका व्होल्टचीही अपेक्षा नसलेल्या त्या जागी बारा व्होल्ट जाऊन पोहोचतील. अशा मोटारीचा नियंत्रक आज नवा मिळणे दुरापास्त आहे. रंग आणि कार्य यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे येथे पुस्तकी विधान राहत नाही.

तथापि दोन्ही पद्धती शेजारी मांडून पाहिल्या तर त्यांखालील समान रचना ध्यानी येते. दोहोंतही ज्या दोन तारा एकाच रंगाच्या आहेत त्या तापकाच्या होत. याचे कारण उघड आहे. तापक हा साधा रोध आहे. प्रवाह कोणत्याही दिशेने गेला तरी तो तापतो. म्हणून त्याच्या दोन तारांत भेद दाखविण्याची गरज नाही. संकेताच्या जोडीत मात्र धन-ऋण भेद असल्याने तेथे रंग भिन्न केले आहेत. ज्या भेदाने अर्थ पालटतो तेवढाच भेद चिन्हांकित करावा, हे वर्णविचारातील तत्त्व कारखान्यातील अभियंत्याने आपल्या गरजेतून पाळले आहे. रंग नव्हे, तर रंगांचा विरोध हा येथे अर्थवाहक आहे.

हा नियमही सार्वत्रिक नाही. काही उत्पादकांच्या तापकाच्या तारा भिन्न रंगांच्या असतात. म्हणून अखेरचा निर्णय मापनाने करावा. संवेदक थंड असताना मल्टिमीटरने तारांच्या सर्व जोड्यांचा रोध मोजावा. ज्या जोडीत काही थोडे ओहम रोध दिसेल ती तापकाची. इतर जोड्यांत वहन दिसणार नाही. नंतर परतीची तार व लोखंडी अंग यांमध्ये मोजावे: वहन असल्यास ती अंगाशी जोडलेली आहे, नसल्यास विलग आहे. उरलेल्या दोन तारांतील धन कोणती याची खात्री करावयाची असल्यास टोक गॅसच्या ज्योतीत लालसर होईतो तापवून व्होल्ट मोजावेत. ज्योतीत ऑक्सिजन अल्प असल्याने संकेताच्या तारेवर ०.८ व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. तापलेल्या संवेदकाच्या संकेत-जोडीवर रोधमापन मात्र करू नये. मापकाचाच प्रवाह त्यात शिरतो.

५. आता परतीच्या तारेचा प्रश्न. आपल्याकडील गॅरेजांत या जोडणीस 'अर्थ' म्हणतात. इंग्रजीतून आलेला हा शब्द आणि आपला संस्कृत 'अर्थ' यांचा संबंध केवळ ध्वनिसाम्याचा आहे. परंतु प्रस्तुत प्रकरणी दोन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात. संकेत म्हणून जे पोहोचते ते एका तारेवरील निरपेक्ष मूल्य नसून दोन बिंदूंमधील फरक असतो. दुसरा बिंदू ढळला की पहिल्याचा अर्थ ढळतो.

पुष्कळ लोक करडी तार व तापकाची एक पांढरी तार एकत्र पिळून चॅसीच्या एकाच बोल्टाखाली दाबतात. समजा, त्या गंजलेल्या बोल्टाचा रोध ०.४ ओहम आहे आणि तापक १ अँपिअर प्रवाह घेतो. तर त्या सांध्यावर ०.४ व्होल्ट पडतील व तेवढे संकेतात मिसळतील. मिश्रणात हवा जास्त असताना संवेदक ०.१ व्होल्ट देईल. नियंत्रकास मात्र ०.५ व्होल्ट दिसतील. त्याची सीमारेषा सुमारे ०.४५ व्होल्टवर असल्याने तो 'इंधन जास्त' असा निष्कर्ष काढून इंधन कमी करील. इंधन कमी केल्यावरही उत्तर तेच येईल. मग तो आणखी कमी करील, आणि आपल्या अधिकाराच्या टोकापर्यंत जाऊन थांबेल. संवेदक खरे बोलला, नियंत्रकानेही नियमाप्रमाणेच ऐकले. खोटा ठरला तो संदर्भबिंदू. ज्या नियंत्रकांत अशी दुरुस्ती स्मृतीत साठविली जाते, त्यांत ती चूक टर्बोचा दाब चढल्यावरही पाठ सोडीत नाही.

यास्तव नियम असा: नियंत्रकाचे अर्थिंग इंजिनाच्या ज्या भागावर घेतले असेल, तेथेच स्वच्छ घासलेल्या धातूवर करडी तार स्वतंत्रपणे आणावी. तापकाचे अर्थिंग निराळ्या ठिकाणी करावे.

६. तापकास वीज कोठून द्यावी? याबाबतीत जर्मन डिन ७२५५२ या मानकाने ठरविलेले अग्रांकन उपयोगी पडते; व्होल्व्होच्या आकृत्यांतही ते आढळते. त्यात ३० म्हणजे बॅटरीची कायम धन बाजू, १५ म्हणजे चावी फिरविल्यावर मिळणारी, ३१ म्हणजे अर्थिंग आणि ८७ म्हणजे रिलेतून बाहेर पडणारी. रंगांप्रमाणे हे आकडेही यादृच्छिकच. पण सर्वांनी मान्य केल्यामुळे ते विश्वसनीय झाले आहेत. तापक ३० ला जोडल्यास बॅटरी रात्रभर झिजेल. १५ ला जोडल्यास इंजिन सुरू न करिता चावी फिरवून ठेविली तरी तो तापेल, आणि मग इंजिन सुरू होताच पाइपात साठलेल्या पाण्याचे थेंब तप्त टोपीवर उडून तिला तडा जाईल. म्हणून पेट्रोल-पंपाच्या रिलेचे ८७ क्रमांकाचे अग्र उत्तम. तो रिले इंजिन चालू असतानाच वीज देतो. तापकाची शक्ती सामान्यतः १२ ते १८ वॅट, म्हणजे प्रवाह एक ते दीड अँपिअर. थंड असताना रोध कमी असल्याने पहिला प्रवाह याच्या काही पट असतो. त्यासाठी ७.५ ते १० अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज ठेवावा.

तारा जोडताना डाख देऊ नये. धातूच्या पुंगळीत दाबून जोडाव्यात. अनेक संवेदकांत टोपीच्या आत लागणारी हवा तारेच्या आवरणातूनच पोहोचते. डाखाने वा ग्रीजने ती वाट बंद झाली की तुलनेचा आधारच नाहीसा होतो.

७. शेवटी एक मर्यादा सांगितली पाहिजे. तापक बसविल्याने संवेदक लवकर व सातत्याने बोलू लागतो. पण त्याचा शब्दसंग्रह वाढत नाही. टर्बोचा दाब पूर्ण चढलेला असताना इंजिनास १४.७ पेक्षा बरेच इंधनबहुल, साधारण १२ च्या आसपासचे मिश्रण लागते. त्या प्रदेशात या संवेदकाचे मूल्य जवळजवळ सपाट असून जो थोडा चढउतार होतो तो तापमानामुळेही होतो. ०.८५ व्होल्ट पाहून 'मिश्रण सुरक्षित आहे' असे मानणे म्हणजे 'अधिक' या एका शब्दातून आकडा वाचू पाहणे होय. या गैरसमजातून दाब वाढविणाऱ्यांची इंजिने आघाती ज्वलनाने निकामी होतात. त्या कामासाठी विस्तृत पल्ल्याचा, स्वतंत्र नियंत्रक असलेला निराळा संवेदक वापरावा लागतो.

सारांश, तारेचा रंग हा फार तर एक सूचना होय. तार कशाशी जोडली आहे, कशाच्या तुलनेत वाचली जात आहे, आणि जे बोलले जाऊ शकते त्याची मर्यादा कोणती, या तीन गोष्टी निश्चित झाल्यानंतरच तिच्या अर्थाविषयी विधान करावे. शब्दांच्या बाबतीत ही शिस्त आपण विद्यार्थ्यांस शिकवितोच. मोटारीच्या बॉनेटखाली ती न पाळणाऱ्याची चूक मात्र खंडनाची वाट पाहत नाही.