गुराब, गलबत आणि ‘संदर्भ हवा’!

रेवसपासून मुरूडपर्यंतच्या किनाऱ्यावर कुठेही उभे राहा, समोर आरमाराचा इतिहास दिसतो. थळसमोर खांदेरी-उंदेरी, अलिबागला कुलाबा, मुरूडला पद्मदुर्ग, राजपुरीसमोर जंजिरा. पण शाळेतल्या मुलाला एखाद्या गलबताबद्दल काही शोधायचं असेल, तर तो आधी मोबाइल उघडतो आणि पहिल्यांदा विकिपीडियाच्या पानावर जातो. ते पान कुणीतरी लिहिलेलं असतं, दुसऱ्याने दुरुस्त केलेलं असतं, तिसऱ्याने त्याला पुरावा जोडलेला असतो. पगार कुणालाच मिळत नाही. युद्धनौकांची पानं अशी मिळून लिहिण्याच्या कामातल्या या काही मजेदार आणि कामाच्या गोष्टी.

केतकरांचे तेवीस खंड आणि सगळ्यांचा कोश

मराठीत कोशाचं वेड जुनं आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे 23 खंड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभे केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईत मराठी विश्वकोश आकाराला आला. 1 मे 2003 रोजी, महाराष्ट्र दिनीच, मराठी विकिपीडिया सुरू झाला. पहिल्या दोन्ही कोशांत लेखक ठरलेले असत. तिसऱ्यात अलिबागचा विद्यार्थी, थळचा मच्छीमार आणि न्यू जर्सीतली मराठी आजी एकाच पानावर एकाच दिवशी काम करू शकतात.

युद्धनौकांसाठी खास मोहीम

इंग्रजी विकिपीडियावर लष्करी इतिहासाचा मोठा प्रकल्प चालतो. त्यात ‘ऑपरेशन मॅजेस्टिक टायटन’ नावाची मोहीम आहे. जगातल्या सगळ्या बॅटलशिपांचे लेख सर्वोच्च दर्जाला न्यायचे, एवढंच तिचं ध्येय. लेख एकेक पायरी चढतो. आधी चार ओळींचं रोपटं, मग पुरेसा मजकूर, मग इतर सदस्यांची कसून तपासणी, आणि शेवटी निवडक लेखाचा मान. तपासणारे चिलखताच्या जाडीपासून स्वल्पविरामापर्यंत सगळ्यावर बोट ठेवतात. आपल्या गुराबांना आणि गलबतांना अशी मोहीम अजून मिळायची आहे.

जहाजाची कुंडली

जहाजाच्या लेखात उजवीकडे एक माहितीचौकट असते. बांधणी कुठे, जलावतरण कधी, लांबी-रुंदी किती, तोफा किती, शेवट कसा. ब्रिटिश जहाजांच्या चौकटी भराभर भरतात, कारण त्यांच्या नौदलाने कागद जपले. मराठा आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांच्या जहाजांच्या चौकटी भरताना मात्र बहुतेक रकाने रिकामे राहतात. जहाजाच्या प्रकाराची माहिती मात्र चांगली मिळते, तीही शत्रूकडच्या माणसांकडून. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवलंय की गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, साधारण 150 ते 300 टनांचं. त्याची नाळ लांब आणि पुढे झुकलेली, म्हणून तोफा थेट समोर मारा करायच्या. गलबत लहान, क्वचितच 70 टनांपेक्षा मोठं, पण 40-50 वल्ह्यांचं. वारा पडला की मोठी इंग्रजी जहाजं जागीच खिळायची आणि वल्ही मारत गलबतं त्यांना गाठायची. किनाऱ्यालगतच्या लढाईचं सगळं गणित यात आलं.

कुठली खांदेरी?

‘खांदेरी’ असा शोध घेतला तर नेमकं काय हवंय? थळसमोरचं बेट आणि त्यावरचा किल्ला? सोव्हिएत बांधणीची, 1968 मध्ये नौदलात आलेली आणि 1989 मध्ये निवृत्त झालेली पाणबुडी? की माझगाव डॉकमध्ये बांधलेली, 28 सप्टेंबर 2019 रोजी दाखल झालेली नवी पाणबुडी? तिघींचं नाव एकच. अशा वेळी संपादक निःसंदिग्धीकरणाचं पान करतात. त्यावर तिन्ही लेखांचे दुवे असतात आणि वाचक हवा तिकडे वळतो. कुलाब्याचंही तसंच. अलिबागचा कुलाबा किल्ला वेगळा, मुंबईचं कुलाबा वेगळं आणि कुलाबा जिल्हा तर 1 जानेवारी 1981 पासून रायगड झाला. जुन्या पुस्तकातला ‘कुलाबा’ कोणता, हे पाहिल्याशिवाय दुवा जोडायचा नाही.

एक लढाई, दोन तारखा

मराठे आणि इंग्रज यांच्यातली खांदेरीची मोठी लढाई इंग्रजी कागदांत 18 ऑक्टोबर 1679 ला नोंदलेली आहे. पण त्या काळी इंग्रज जुनं ज्युलियन पंचांग वापरत होते आणि पोर्तुगीज 1582 पासूनच नवं ग्रेगोरियन. दोघांत 10 दिवसांचा फरक. म्हणजे वसईच्या पोर्तुगीजांच्या हिशेबाने तो दिवस 28 ऑक्टोबर. मराठी कागदांत शक आणि तिथी, हा तिसरा हिशेब. आणखी एक पेच म्हणजे तेव्हाच्या इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं. त्यामुळे आपण ज्याला जानेवारी 1680 म्हणतो, तो त्यांच्या पत्रांत जानेवारी 1679 असू शकतो. आरमाराच्या लेखात तारीख टाकण्याआधी कागद कुणाचा हे पाहायचं, नाहीतर एक लढाई दोनदा झाल्यासारखी दिसते.

एक लढाई, दोन निकाल

त्याच लढाईत दौलतखानाच्या हाताखालच्या मराठी गलबतांनी इंग्रजांचं ‘डव्ह’ हे गुराब धरून नेलं. दुसरीकडे ‘रिव्हेंज’ या जहाजाने सोबतची लहान जहाजं पळून गेल्यावरही झुंज दिली आणि मराठी ताफ्याला नागोठण्याच्या खाडीकडे मागे रेटलं. मग जिंकलं कोण? इंग्रज लेखक ‘रिव्हेंज’चं कौतुक करून थांबतात. पण बेट कुणाकडे राहिलं ते पाहा. मराठ्यांचे मायनाक भंडारी आणि त्यांची माणसं बेटावर तटबंदी रचत राहिली, 1680 च्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला आणि खांदेरी मराठ्यांचीच राहिली. चांगला लेख ही दोन्ही टोकं सांगतो. त्या दिवशीच्या चकमकीचा निकाल एका ओळीत, मोहिमेचा निकाल दुसऱ्या ओळीत.

चाचा की सरखेल?

कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांनी आयुष्यभर समुद्री चाचा म्हटलं. पण छत्रपतींचे ते नेमलेले सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते, त्यांचा परवाना चालत होता आणि परवाना नसलेलं जहाज ते धरत. 1721 च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तरी किल्ला पडला नाही. चाचा या एका शब्दावरून पानावर ओढाताण होते. एकाने लिहायचं, दुसऱ्याने पुसायचं. त्यावर इंग्रजी विकिपीडियाने नियमच केला आहे. 24 तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लेखन उलटवायचं नाही. मग चर्चा पानावर या आणि पुरावे मांडा. लेखात शेवटी टिकावं असं वाक्य साधं आहे. ‘इंग्रज त्यांना चाचा म्हणत, मराठा राज्यात ते सरखेल होते.’ कोण म्हणतं ते लिहिलं की निम्मं भांडण मिटतं.

तोफ बोलते

ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यात गेलात तर लोखंडी गाड्यावरच्या दोन तोफा दिसतात. अनेक जण त्यांच्याशेजारी फोटो काढतात आणि खाली लिहितात, ‘कान्होजींच्या तोफा’. पण तोफेवर यॉर्कशायरच्या ‘लो मूर’ कारखान्याचं नाव कोरलेलं आहे. तो कारखाना 1791 मध्ये सुरू झाला आणि कान्होजी वारले 1729 मध्ये. दोन तारखा शेजारी ठेवल्या की चुकीची ओळ गळून पडते. म्हणून किल्ल्यावर गेल्यावर स्वतःच्या फोटोसोबत तोफेवरच्या अक्षरांचाही स्वच्छ फोटो काढा. विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याने चढवलेला असा एक फोटो जगभरच्या लेखांत वापरता येतो.

जमिनीवरचं जहाज

‘आयएनएस’ लागलं की जहाज, असं समजून पानाचा वर्ग ठरवलात तर फसाल. मुंबईतलं ‘आयएनएस आंग्रे’ हा नौदलाचा किनाऱ्यावरचा तळ आहे. 1951 मध्ये त्याला आंग्र्यांचं नाव मिळालं. त्याला ना डोलकाठी, ना नांगर. ज्यांना ब्रिटिश आरमार बुडवू पाहत होतं, त्यांचं नाव ब्रिटिशांच्याच जुन्या तळाला लागलं, ही गोष्ट लेखाच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवी.

खाडीपलीकडची सागवानी जहाजं

मांडव्याहून दिसणाऱ्या मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने ब्रिटिश नौदलासाठी चक्क रांगेत उभं राहून लढणारी मोठी युद्धजहाजं बांधली. जमशेटजी बोमनजी वाडियांचं 74 तोफांचं ‘मिंडन’ 1810 मध्ये पाण्यात उतरलं. 1813 च्या ‘कॉर्नवॉलिस’वर 1842 मध्ये चीनसोबतचा नानकिंगचा तह सह्यांसाठी मांडला गेला. 1815 चं ‘वेलस्ली’ सव्वाशे वर्षं टिकलं आणि सप्टेंबर 1940 मध्ये टेम्स नदीवर जर्मन विमानांच्या बॉम्बने संपलं. शिडाच्या जमान्यातलं एवढं मोठं लढाऊ जहाज हवाई हल्ल्यात गेल्याचं हे एकमेव उदाहरण. आणि 1817 चं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. या प्रत्येकावर मराठीत भरदार लेख व्हायला हवा.

सुंदर, पण खोटं

‘मिंडन’बद्दल एक दिमाखदार दावा फिरत असतो की अमेरिकेचं राष्ट्रगीत फ्रान्सिस स्कॉट की यांनी याच मुंबईच्या जहाजावर लिहिलं. मुंबईकराची छाती फुगावी अशी गोष्ट. पण सप्टेंबर 1814 मध्ये बाल्टिमोरवर तोफा धडाडत होत्या तेव्हा ‘मिंडन’ पूर्वेच्या समुद्रात होतं, आणि की हे तहाचा झेंडा लावलेल्या अमेरिकन जहाजावर होते. अशा वाक्यामागे संपादक तीन अक्षरी-दोन अक्षरी शिक्का मारतात, ‘संदर्भ हवा’. पुरावा आला नाही की वाक्य जातं. अभिमान वाटावा अशी गोष्ट तपासायला धैर्य लागतं, आणि ते धैर्य हाच या कामाचा कणा आहे.

‘पालखी’ नावाचं गलबत

राजपुरीच्या समुद्रातली एक गोष्ट कोळीवाड्यांत अजून सांगतात. जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावण्याचं धाडस लाय पाटलांनी केलं. मोहीम फसली, तरी शिवाजी महाराजांनी त्यांना पालखीचा मान देऊ केला. दर्यावर राहणाऱ्याला पालखी काय कामाची, असं पाटलांनी नम्रपणे म्हटल्यावर महाराजांनी गलबत बांधून त्याचं नावच ‘पालखी’ ठेवायला सांगितलं, अशी ही कथा. लेखात ती यायलाच हवी, पण ‘परंपरेनुसार’ असं स्पष्ट लिहून आणि कुठल्या पुस्तकात आली आहे ते नोंदवून.

लंडनमधला सुवर्णदुर्ग

1755 मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून हर्णैचा सुवर्णदुर्ग घेतला, तोही पेशव्यांशी हातमिळवणी करून. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने 1784 मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर एक मनोरा बांधला आणि त्याला नाव दिलं ‘सेव्हर्नड्रूग’. तो आजही उभा आहे. हर्णैच्या लेखात लंडनचा दुवा आणि लंडनच्या लेखात हर्णैचा दुवा हवा. एका लेखातून दुसऱ्यात जाण्याची ही वाट म्हणजे विकिपीडियाची खरी ताकद.

धूळपाटीवर गिरवा, चावडीवर विचारा

नवख्याने घाबरायचं कारण नाही. मराठी विकिपीडियावर सरावासाठी धूळपाटी आहे, शंका विचारायला चावडी आहे आणि कंटाळवाणी, पुन्हा पुन्हा करायची कामं उरकायला सांगकामे आहेत. पानाचा इतिहास जपलेला असतो, त्यामुळे चुकून काही पुसलं तरी एका क्लिकने परत येतं. पुस्तकांची वानवाही नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं. केतकरांचा ज्ञानकोश खुला आहे, 1883 चं कुलाबा-जंजिऱ्याचं गॅझेटियरही खुलं आहे. मात्र जुनं पुस्तक नव्या संशोधनाशी ताडून पाहायचं आणि वाक्य उचलायचं नाही, आपल्या शब्दांत लिहायचं.

आता तुमची पाळी

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांतले रायगड आणि खांदेरी हे दोन आपल्या रायगड जिल्ह्यातले आहेत. आता जगभरातले लोक खांदेरीचं नाव टाकून शोध घेणार. त्यांना काय वाचायला मिळावं, हे ठरवणं आपल्या हातात आहे. अलिबाग, पेण, मुरूड, श्रीवर्धनच्या शिक्षकांनो, एका वर्गाला एक लेख दत्तक द्या. होडीवाल्या काकांनो, गलबताच्या भागांची नावं मुलांना नीट सांगा, म्हणजे ती कुठल्या पुस्तकात सापडतात ते मुलं शोधतील. आणि वाचकहो, या रविवारी खांदेरीचं पान उघडा, ‘संपादन’वर टिचकी मारा आणि एक वाक्य पुराव्यासह जोडा.