न कुरकुरणारी सखी

पुण्याहून साताऱ्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर, नीरेच्या काठी शिरवळ वसले आहे. तेथून जवळच असलेल्या नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. १८५६ साली त्या दुखण्यातून उठताना तेथेच माहेरी विश्रांतीस राहिल्या होत्या. त्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या १० ऑक्टोबरच्या पत्रात जोतीरावांस प्रकृतीचे वर्तमान कळविता कळविता शाळेच्या कामातील सहकारिणीचीही आठवण आहे. आपल्यामागे फातिमेस फार त्रास पडत असेल, परंतु ती कुरकुर करावयाची नाही, असा तिचा आशय.

त्या वेळी सावित्रीबाई पंचवीस वर्षांच्या होत्या. परंतु त्यांच्या या आठवणीत जे मर्म आहे, ते आजच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलींच्या पालकांनी ध्यानी धरण्याजोगे आहे. जी सखी तक्रार करीत नाही, तिचीच विचारपूस आधी करावी लागते.

या वयात मुलगी मनातील सल आईच्या अगोदर मैत्रिणीस सांगते. हे स्वाभाविक आहे व हितकरही आहे. सांगितल्याने दुःख हलके होते. मात्र तेच दुःख रोज उगाळले तर काय होते? अमांडा रोझ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीने २००२ साली व पुढे २००७ साली या प्रश्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच अडचण पुनःपुन्हा घोळविणाऱ्या मुलींची मैत्री अधिक दृढ होते, परंतु त्याबरोबरच त्यांची उदासी व चिंताही वाढते, असे तीत आढळले. म्हणूनच दोघी डोकी जवळ करून बसलेल्या पाहून घरची मंडळी निश्चिंत होतात, तेथेच त्यांची गफलत होते.

अशा जोडीत एक बोलणारी असते, एक ऐकणारी. ऐकणारीची झोप उडते, अभ्यास मागे पडतो. ‘मी रात्री फोन घेतला नाही तर तिचे काय होईल?’ ही धास्ती तिला सोडीत नाही; त्यात ‘कोणाला सांगू नकोस’ अशी शपथही घातलेली असते.

अशा प्रसंगी मैत्री तोडावयास सांगणे हा उपाय नव्हे. ऐकणारीस जवळ घेऊन, ‘तुला हे जड होते का?’ एवढेच विचारावे आणि उत्तर मिळेतो थांबावे. गाऱ्हाणे ऐकून झाल्यावर ‘आता उद्या काय करावयाचे?’ असा प्रश्न दोघींनी एकमेकींस विचारावा, ही सवय लावावी. गुपित व धोका यांतील भेदही समजावून द्यावा. मैत्रीण जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागली, किंवा तिला कोणी छळीत असले, तर शपथ मोडून वडीलधाऱ्यांस सांगणे हीच खरी मैत्री होय. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या सरकारी ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक व मुलांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक घरात सर्वांस ठाऊक असावा. आणि मुलीने धीर करून सांगितलेच, तर तिच्यावर रागावू नये. एकदा बोलणी खाल्ली की पुढच्या खेपेस ती तोंड उघडणार नाही.

मैत्रिणीने दुःखाचा वाटा उचलावा. सारा भार उचलण्याचे तिचे वय नव्हे. तो भार वेळीच ओळखून आपल्या खांद्यावर घेणे, हे घरातील मोठ्यांचे काम आहे.