गाडी चालू झाली म्हणजे दुरुस्त झाली?

उसाचा हंगाम भरात आला की घनसावंगी, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव या पट्ट्यातल्या गॅरेजांवर पुढून चेपलेल्या मोटारसायकली येऊ लागतात. रात्री रस्त्यातच बंद पडलेली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशी ट्रॉली, डांबरावर सांडलेला ऊस, अचानक आडवं आलेलं जनावर. कारणं ठरलेली. गाडी पिकअपमधून खाली उतरते आणि मालकाचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो: "मिस्तरी, उद्यापर्यंत चालू होईल का?"

चालू होते. बऱ्याचदा त्याच संध्याकाळी. पण समोरून धडक बसली की मार खातात ते पुढचं चाक, चिमटा, टी आणि चेसीची मान. इंजिन त्यांच्या मागे बसलेलं असतं. तरी मालकाचा जीव अडकलेला असतो इंजिनात, आणि त्या खालोखाल टाकीवरच्या डेंटमध्ये. पैसाही मग तिकडंच जातो.

"पडल्यापासून स्टार्टच होत नाही. इंजिन गेलं!"

एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत कलण्याचा सेन्सर असतो. गाडी आडवी झाली की तो पेट्रोलचा पंप आणि स्पार्क बंद करतो, म्हणजे पेट्रोल सांडून आग लागायला नको. गाडी उभी करा, चावी बंद करून पुन्हा चालू करा. पुष्कळदा एवढ्यानंच काम होतं. मात्र सेल्फ मारण्याआधी ऑईलची पातळी बघावी आणि पेट्रोलचा वास येतोय का ते पाहावं. इंजिनाचं एवढंच.

"चिमटा ठोकून सरळ करून द्या, नवा कशाला?"

इथं मात्र थांबायला हवं. चिमट्याच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या आत जो चकचकीत पाईप असतो तो पोलादी असतो आणि त्यावर कडक क्रोमचा थर असतो. पाईप वाकला की बाकाच्या जागी हा थर बारीक तडकतो. प्रेसवर दाबून पाईप डोळ्यांना सरळ दिसेल इतका आणता येतो, पण तडे तिथंच राहतात. ते ऑईल सील खातात आणि थोड्याच दिवसांत शॉकअपमधून तेल गळायला लागतं. हे तेल डिस्क ब्रेकवर उतरलं तर गळती नुसती कटकट राहत नाही, ब्रेकच जातो. गॅसवर तापवून सरळ केलेला पाईप तर घेऊच नये. उष्णतेनं पोलादाची मूळची ताकद जाते. वरून पाईप तसाच दिसतो आणि पुढच्या मोठ्या खड्ड्यात पुन्हा त्याच जागी वाकतो.

मग थोडासा बाक चालतो का? होंडाच्या अनेक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या पाईपची चालणारी मर्यादा ०.२ मिलिमीटर दिलेली आहे. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही. पाईप व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल गेजवर मोजावा लागतो. गॅरेजमध्ये गेज नसेल तर निदान जाड सपाट काचेवर पाईप लोळवून बघायला सांगा. खाली उजेडाची फट उघडझाप करत असेल तर तो पाईप बाद. दोन्ही पाईप बदलले तरी काम पुरं होत नाही. त्यांना धरणारी टी वाकलेली असेल तर नवे पाईपही तिरकेच बसतात. हँडल ज्यावर फिरतं त्या कोन सेटच्या वाटीत छऱ्यांचे खड्डे पडलेले असतील तर हँडल मधोमध आल्यावर अडकल्यासारखं होतं. पुढचं चाक उचलून हँडल हळू दोन्हीकडं फिरवलं की हे कळतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

वाकलेला माल कुठं जावा, याची सोय आपल्या जिल्ह्यात उत्तम आहे. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळून सळई होते. बाद चिमट्याची तीच वाट बरी.

"रिम थोडी हलते, आऊट काढून घेऊ"

तारांच्या चाकाबाबत हे बरंचसं खरं आहे. तारा कमी-जास्त ताणून आऊट काढणं हे जुनं, रीतसर काम आहे. रिमच चेपली असेल तर वेगळी गोष्ट. तिथं तारांच्या ताणानं ती गोल होत नाही.

अलॉयचं चाक मात्र ओतीव ॲल्युमिनियमचं असतं. वाकण्याऐवजी तडकण्याकडं त्याचा कल असतो. तडा वेल्डिंगनं भरला की आजूबाजूचा धातू मऊ पडतो आणि नवा तडा वेल्डिंगच्या कडेनं जातो. घनसावंगीत नांगर, ट्रॉली, लोखंडी दरवाजे यांचं वेल्डिंग पिढ्यान्‌पिढ्या झकास होत आलंय, त्या कारागिरांच्या हाताबद्दल प्रश्नच नाही. प्रश्न चाकाच्या धातूचा आहे.

चेसीला हीच गोष्ट दुपटीनं लागू पडते. मोटारसायकलचा चेसी नंबर बहुधा हँडलच्या मानेजवळ ठोकलेला असतो आणि समोरच्या धडकेत मार बसतो तो याच मानेला. तिथला रंग भेगाळलेला दिसला, हँडल एका बाजूला वळवल्यावर टाकीला टेकू लागलं किंवा मागच्या चाकाला लावून पुढं ताणलेली दोरी पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना सारखं अंतर दाखवेना, तर मान हललेली असण्याची शक्यता मोठी. तिथं गॅस मारून आणि ग्राइंडर फिरवून मान सरळ करताना नंबरच पुसट झाला तर गाडीची ओळखच संशयात येते. पुढं विकताना, विमा घेताना, पासिंगला, सगळीकडं अडचण. भंगारातून दुसऱ्या गाडीची चेसी आणून बसवणं हा त्याहून वाईट उपाय. चेसी बदलायचीच असेल तर अधिकृत डीलरकडून, बिलासह, आणि जालन्याच्या आरटीओ कार्यालयात आरसीवर नोंद करूनच.

"पाच वर्षांचा विमा आहे, काळजी नाही"

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा विमा घ्यावाच लागतो, हे खरं. पण सक्तीचा भाग थर्ड पार्टीचा आहे. आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई त्यातून होते. आपल्या गाडीच्या मोडतोडीचा विमा, म्हणजे ओन डॅमेज, शोरूममधून बहुधा एकाच वर्षासाठी मिळतो. दुसऱ्या वर्षी तो वेगळा भरावा लागतो आणि पुष्कळांना हे अपघातानंतरच समजतं. पॉलिसीच्या कागदावर दोन वेगळ्या मुदती छापलेल्या असतात. घरी गेल्यावर आधी त्या बघा.

ओन डॅमेज चालू असेल तरी पूर्ण बिल मिळत नाही. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर-ट्यूब, बॅटरी यांची निम्मी किंमत घसारा म्हणून कापतात. धातूच्या भागांची कपात गाडीच्या वयावर असते: पहिले सहा महिने काही नाही, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. समजा साडेतीन वर्षांच्या गाडीचं बिल १०,००० रुपये झालं. त्यात प्लास्टिक ४,०००, धातूचे भाग ४,००० आणि मजुरी २,०००. मग हाती येणार २,००० अधिक ३,००० अधिक २,०००, त्यातून सक्तीची १०० रुपयांची वजावट, म्हणजे ६,९००. झिरो डेप घेतलेलं असेल तर घसारा वाचतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपुढं गेला तर कंपनी गाडी टोटल लॉस धरते.

"छोट्या क्लेमनं बोनस जातो" म्हणून लोक खिशातून पैसे भरतात. नो क्लेम बोनस फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर लागतो, थर्ड पार्टीवर नाही, आणि साध्या कम्युटर गाडीचा ओन डॅमेजचा हप्ता मुळात लहान असतो. हिशेब करून बघावा. बोनस वाचवायला त्याच्या कितीतरी पट पैसे घालवणारे पुष्कळ आहेत.

आणि क्रम चुकवू नका. आधी आहे त्या अवस्थेत गाडीचे फोटो, मग कंपनीला कळवणं, मग पाहणी, मग पाना. "आधी नीट करू, मग बिल लावू" असं केलं की क्लेम अडतो. चालवणाऱ्याकडं चालू लायसन्स नसेल तर ओन डॅमेजची आशा सोडलेली बरी. गाडी जुनी घेतली असेल आणि पॉलिसी आधीच्या मालकाच्याच नावावर असेल तरी तीच गत.

पोलिसांबद्दलचा घोळही इथंच उरकतो. स्वतःच घसरून पडला, दुसऱ्या कुणाचं काही नुकसान नाही, तर साध्या क्लेमला बहुधा एफआयआर लागत नाही. पण कुणाला लागलं असेल किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार २४ तासांच्या आत पोलिसांना कळवावं लागतं. अशी गाडी तपासणीआधी दुरुस्तीला टाकणं म्हणजे आपलाच पुरावा आपण पुसणं.

"आता खोललीच आहे तर थोडी मॉडिफाय करू"

मोह समजण्यासारखा आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलता येतो, आरसीवर नोंद करून. फटफट वाजणारा सायलेन्सर बसत नाही. राज्यात पोलिसांनी असे सायलेन्सर रोड रोलरखाली घातलेत. अपघातात फुटलेल्या नंबर प्लेटच्या जागी रंगवलेली 'दादा' प्लेटही चालत नाही, हाय सिक्युरिटी प्लेटच लागते.

दिव्याचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथली गरज खरी आहे. अंधारातली ट्रॉली दिसावी म्हणून लोक हॅलोजनच्या जागी पांढरा एलईडी बल्ब घालतात. जुन्या हेडलाइटचा आरसा ठराविक जागी असलेल्या तारेच्या उजेडासाठी बनवलेला असतो. एलईडीचे ठिपके त्या जागी नसतात, म्हणून उजेड सगळीकडं फाकतो. आपल्याला झगमग वाटते, लांबचं फारसं दिसत नाही आणि समोरचा आंधळा होतो. ३५ वॅटच्या जागी शंभरचा बल्ब घातला तर होल्डर आणि वायरिंग वितळतं. त्यापेक्षा पिवळी पडलेली काच बदला आणि दिव्याची दिशा नीट लावा. अपघातात ती हललेलीच असते. गाडीवर माणूस बसवून, ती भिंतीसमोर उभी करून बघा: डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीच्या खालीच पडली पाहिजे.

कायद्यात बसणाऱ्या आणि खरंच उपयोगी अशा सुधारणा दिसायला अगदी साध्या आहेत. मूळ मापाचेच पण चांगले टायर, नवे ब्रेक शू, डिस्क असेल तर ताजं ब्रेक ऑईल, मागं लाल रिफ्लेक्टर टेप. तारांच्या साध्या रिमवर ट्यूबलेस टायर नुसता चढवून भागत नाही. तारांच्या भोकांतून हवा जाते, ट्यूब घालावीच लागते.

"हेल्मेटला नुसता ओरखडा आहे"

हेल्मेटच्या आतला थर्माकोल एकदाच कामाला येतो. तो दबतो म्हणून डोकं वाचतं, आणि दबलेला पुन्हा फुगत नाही. बाहेरची टोपी धड दिसली तरी आतून ते संपलेलं असतं. जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय खूण, म्हणजे आयएस ४१५१, सक्तीची आहे. नवं घेताना ती बघून घ्यावं. जुनं मागं बसणाऱ्यासाठी खुंटीला टांगून ठेवू नये, धाकट्या भावाला कॉलेजला द्यायलाही नको. पट्टा कापून टाकावा, म्हणजे दुसरं कुणी ते घालणार नाही.